दोन मुलांच्या लग्नाला धर्माचा आधार असतो का? ऑन्टॅरिओतल्या एका पुरोहित बाईंचं उत्तर

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘माझा मुलगा टोरंटोजवळ नोकरीला आहे. येत्या जूनमध्ये तो त्याच्या मित्राशी लग्न करतोय. मित्र तिथलाच, युनायटेड चर्चमध्ये वाढलेला. मुलगा म्हणतो, इथे हा कायदा चर्चवाल्यांनी भांडून आणलाय, धर्माचा विरोध असतो असं तुला कुणी सांगितलं? हे खरं का? आपल्या धर्मात याला काही आधार आहे का? त्याला सप्तपदी हवीच आहे. पुरोहित मिळतील का? आणि ते लग्न कायद्याने टिकेल का, तिथे आणि इथे?’

ताई, तुम्ही ‘माझा मुलगा लग्न करतोय’ असं सरळ लिहिलंत. आडून काही विचारलं नाहीत. म्हणून मीही सगळं सरळच लिहिते.

मी मूळची पुण्याची. पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायची सोय फार आधीपासून आहे, तिथे संध्याकाळच्या वर्गात मी शिकले. १९९९ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे मिसिसागाला आले. गेली वीसेक वर्षं ऑन्टॅरिओ सरकारकडे रीतसर नोंद असलेली पुरोहित म्हणून लग्नं लावते. त्यातली अकरा लग्नं दोन मुलांची किंवा दोन मुलींची होती. इथे सगळे मला काकूच म्हणतात, तुमचा मुलगाही म्हणेल.

तुमचा मुलगा खरं सांगतोय, पण पूर्ण सांगत नाही. कॅनडाच्या या लढ्यात धर्म दोन्ही बाजूंना उभा होता. पण सुरुवात चर्चमध्ये झाली, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ती नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातूनच मिळतात.

ऑन्टॅरिओत लग्न करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतून लग्नाचं लायसन्स काढायचं. दुसरा फार जुना, इंग्लंडहून आलेला. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत सगळ्यांसमोर जाहीर करायचं की अमुक आणि अमुक यांचं लग्न ठरलं आहे, कुणाची कायदेशीर हरकत असेल तर बोला. त्याला बॅन्स म्हणतात. बॅन्स वाचले आणि हरकत निघाली नाही, की सरकारी लायसन्स लागत नाही. म्हणजे सरकारने आपल्या अधिकाराचा एक तुकडा पूर्वापार चर्चच्या हाती देऊन ठेवला होता.

२००० साली टोरंटोत समलिंगी जोडपी लायसन्स मागायला गेली, तेव्हा कचेरीने अर्ज अडकवून ठेवले. त्यावर मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चच्या टोरंटो शाखेने दुसरा रस्ता धरला. हा पंथ १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, समलिंगी ख्रिश्चनांना दार उघडं ठेवणारा. तिथले धर्मगुरू रेव्हरंड ब्रेंट हॉक्स यांनी डिसेंबर २००० मध्ये ओळीने तीन रविवारी बॅन्स वाचले. आणि १४ जानेवारी २००१ ला एकाच समारंभात दोन लग्नं लावली, एक दोन पुरुषांचं, एक दोन स्त्रियांचं. तो रविवार आपल्या संक्रांतीचा. मी त्या दिवशी घरी हळदीकुंकवाच्या तयारीत होते, संध्याकाळी बातम्यांत पाहिलं. जिवाला धोका म्हणून हॉक्स यांनी झग्याच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं. लग्न लावताना आम्ही सोवळं नेसतो, उपरणं घेतो. लग्न लावणाऱ्याला छातीवर चिलखत चढवावं लागतं हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

कागद सरकारकडे गेले, निबंधकाने नोंद करायला नकार दिला. मग चर्च स्वतः कोर्टात गेलं. समलिंगी जोडप्यांचा दावा आणि चर्चचा दावा एकत्र चालले. ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टाने १० जून २००३ ला तीन न्यायमूर्तींच्या एकमताने निकाल दिला. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही जुनी व्याख्या समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, आता ‘दोन व्यक्ती’ असं वाचा, आणि हे आजपासूनच लागू. खालच्या कोर्टाने सरकारला दोन वर्षांची मुदत दिली होती, ती यांनी काढून टाकली. त्याच दिवशी एका जोडप्याचं लग्न लागलंही. आणि १४ जानेवारी २००१ ची ती दोन लग्नं नोंदवून घ्या, असा हुकूम निबंधकाला झाला. नेदरलँड्समध्ये हा कायदा १ एप्रिल २००१ ला लागू झाला. म्हणजे मागे वळून पाहिलं तर आधुनिक काळातली पहिली कायदेशीर समलिंगी लग्नं एका चर्चच्या वेदीसमोर लागलेली होती.

इथे एक बारकावा आहे. मुलं तो सांगत नाहीत. चर्चने कोर्टात असंही म्हटलं होतं की आमची लग्नं न नोंदवणं म्हणजे आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. हा मुद्दा कोर्टाने मानला नाही. कोर्ट म्हणालं, आमच्यापुढचा प्रश्न फक्त कायद्याने मानलेल्या विवाहाचा आहे, कुठल्या धर्मात कुठलं लग्न ग्राह्य हे आम्ही ठरवत नाही. चर्च जिंकलं ते समानतेच्या मुद्द्यावर, धर्माच्या नव्हे. मला सुरुवातीला याचं वाईट वाटलं होतं. नंतर पटलं की हेच बरं झालं. एका धर्माचं म्हणणं आहे म्हणून कायदा बदलला असता, तर दुसऱ्या धर्माचं म्हणणं आलं की तो पुन्हा फिरवता आला असता.

आता तुमच्या होणाऱ्या जावयाचं म्हणा, सुनेचं म्हणा, जे नाव तुमच्या घरात ठरेल त्याचं चर्च. युनायटेड चर्च हा इथला मोठा प्रोटेस्टंट पंथ, १९२५ मध्ये स्थापन झालेला. त्यांच्या महासभेने १९८८ मध्ये ठरवलं की लैंगिक कल काहीही असो, माणूस चर्चचा पूर्ण सभासद होऊ शकतो आणि धर्मगुरू व्हायलाही पात्र असतो. १९८८ मध्ये! भारतात तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुरतं जिवंत होतं. या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली, कितीतरी कुटुंबं आणि काही अख्ख्या मंडळ्या चर्च सोडून गेल्या. तरी ते मागे फिरले नाहीत. ऑगस्ट २००३ च्या महासभेत त्यांनी सरकारकडे समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मागितली. २००४ मध्ये प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे गेला तेव्हा तिथेही ते पाठिंब्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्याबरोबर युनिटेरियन हा उदारमतवादी पंथ होता, आणि उदारमतवादी ज्यू रब्बींनी याच कामासाठी उभारलेली संघटनाही होती. विरोधात कॅथलिक बिशपांची परिषद होती. इव्हँजेलिकल आणि मुस्लिम संघटनांनी मिळून केलेली आंतरधर्मीय आघाडीही विरोधातच. जानेवारी २००५ मध्ये अकाल तख्ताच्या जथेदारांनीही शिखांना विरोध करायला सांगितलं.

त्या यादीत हिंदू संस्थेचं नाव मी दोन्ही बाजूंना शोधलं. मला सापडलं नाही. आपण गप्प होतो. त्या गप्प बसण्यात मीही होते, ते पुढे सांगते.

सुप्रीम कोर्टाने ९ डिसेंबर २००४ ला सल्ला दिला की संसद असा कायदा करू शकते. त्याच सल्ल्यात असंही आलं की ज्या धर्मगुरूच्या श्रद्धेत हे बसत नाही, त्याच्यावर सरकार असं लग्न लावायची सक्ती करू शकत नाही. त्यावरून नागरी विवाहाचा कायदा झाला, २० जुलै २००५ ला तो अमलात आला. लोकसभेसारखं इथे जे सभागृह आहे, तिथे १५८ विरुद्ध १३३ मतांनी तो मंजूर झाला होता. त्याचं तिसरं कलम धर्मगुरूंना ही मोकळीक स्पष्ट शब्दांत देतं. मी त्या कलमाचा फायदा घेतला आहे, ताई.

२००८ मध्ये दोन मुली माझ्याकडे आल्या. एक नागपूरची, एक इथेच वाढलेली गुजराती. पत्रिका घेऊन आल्या होत्या, मुहूर्त काढायला. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की मला जमणार नाही. कारण विचारलं तेव्हा शास्त्राचं नाव पुढे केलं. खरं कारण वेगळं होतं. ज्या देवळाच्या नावावर माझी पुरोहित म्हणून नोंद होती, तिथल्या कार्यकारिणीने तोंडी बजावलं होतं की असली लग्नं आपल्या नावाने नकोत. नागपूरच्या मुलीने पत्रिका घडी करून परत पिशवीत ठेवली. ‘काकू, कायद्याने हो म्हटलंय, घरच्यांनीही म्हटलंय, फक्त देवाने म्हणायचं राहिलंय असं वाटलं होतं,’ एवढं म्हणाली आणि गेली. त्यांनी नगरपालिकेत सह्या केल्या. सप्तपदी झाली नाही.

त्या दिवसानंतर मी ग्रंथ काढून बसले. दोन वर्षं वाचत होते, पुण्यातल्या माझ्या बाईंशी फोनवर बोलत होते. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते, गोड करून सांगत नाही.

धर्मशास्त्रकारांनी दोन पुरुषांच्या विवाहाचा विचारच केलेला नाही. मनूने विवाहाचे आठ प्रकार सांगितले, ब्राह्मपासून पैशाचापर्यंत, सगळे स्त्री-पुरुषांचे. गांधर्व विवाहात हे बसतं असं काही लोक म्हणतात, पण ओढूनताणून बसवलेलं मला पटत नाही. निषेधाचं म्हणाल तर अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग केला तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान करावं असं प्रायश्चित्त आहे. त्याच श्लोकात, त्याच ओळीत, दिवसा किंवा बैलगाडीत किंवा पाण्यात स्त्रीशी संग केला तरी हेच प्रायश्चित्त आहे. मुलींच्या बाबतीत मात्र आठव्या अध्यायात दंड आणि फटके आहेत, ते मी लपवणार नाही. पण ज्या पोथीतल्या शंभर गोष्टी आपण केव्हाच सोडल्या, तिच्यातली एवढी एकच गोष्ट धरून ठेवायची का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला.

मग मी विवाहाचे मंत्र काढले, जे शेकडो वेळा म्हटले होते. आणि पहिल्यांदा ते कान देऊन ऐकले.

पाणिग्रहणाचा मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला आहे: ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तं मया पत्या जरदष्टिर्यथासः’. सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो, मी पती असताना तू म्हातारपणापर्यंत पोचावंस. ‘ते’ म्हणजे तुझा, त्याला लिंग नाही. ‘जरदष्टिः’ पुल्लिंगात तसंच, स्त्रीलिंगात तसंच. दोन मुलं हा मंत्र एकमेकांना जसाच्या तसा म्हणू शकतात, अक्षर बदलावं लागत नाही. दोन मुली असल्या तर ‘पत्या’च्या जागी ‘पत्न्या’ येतं, एवढंच.

अश्मारोहणात म्हणतात ‘अश्मेव त्वं स्थिरा भव’, दगडासारखी स्थिर हो. दोन्ही मुलं सहाणेवर पाय ठेवतात तेव्हा मी ‘स्थिरो भव’ म्हणवते. ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’ हे वाक्य मुलीचे वडील म्हणतात, या बाबतींत हिला डावलून जाऊ नकोस. तिथे ‘नातिचरितव्यस्त्वयायम्’ होतं आणि दोन्हीकडचे आईवडील ते आळीपाळीने म्हणतात. उत्तर मात्र तेच राहतं: ‘नातिचरामि’. डावलून जाणार नाही. हे क्रियापद आहे, त्याला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच. पहिल्यांदा दोन मुलांच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा माझा पुढचा मंत्र क्षणभर घशात अडकला होता.

आणि सप्तपदी. आश्वलायन गृह्यसूत्रातला पाठ आपल्याकडे रूढ आहे. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनाच्या भरभराटीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं प्रजेसाठी, सहावं ऋतूंसाठी, आणि सातवं: ‘सखा सप्तपदी भव’. आता बघा, हे नवरीला उद्देशून आहे, पण शब्द ‘सखी’ नाही, ‘सखा’ आहे. पुल्लिंगी. सूत्रकारांना तिथे बायको म्हणायचं नव्हतं, मित्र म्हणायचं होतं, आणि मित्राला जो शब्द होता तोच त्यांनी नवरीला वापरला. अडीच हजार वर्षांच्या आसपास तो तसाच म्हटला जातोय आणि कुणाला खटकला नाही. ‘एकपदी’, ‘द्विपदी’ ही रूपं स्त्रीलिंगी आहेत, ती मी बदलत नाही. पाठ मोडायचा नाही हा माझा नेम आहे. अर्थ मराठीत आणि इंग्रजीत समजावते.

पाचव्या पावलाला कुणीतरी हमखास विचारतं, प्रजेचं काय? मी साठी उलटलेल्या विधुर-विधवांची लग्नं लावली आहेत. तेही पाचवं पाऊल टाकतात. त्यांना कुणी थांबवून विचारत नाही.

‘विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे’ असं विरोध करणारी मंडळी म्हणतात. मला ते शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच तर तो मुलांना हवा असतो. करारच हवा असता तर नगरपालिकेत वीस मिनिटांत काम होतं. तुमच्या मुलाने सप्तपदी मागितली, म्हणजे त्याने संस्कार मागितला. जो संस्कार मागायला आला त्याला पुरोहिताने परत पाठवावं, हे मला आता जमत नाही. २०१० मध्ये मी त्या देवळाच्या नावावरची नोंद सोडली, दुसऱ्या एका छोट्या मंडळामार्फत नवी नोंद करून घेतली. २०११ मध्ये पहिलं असं लग्न लावलं.

तुम्हाला वाटेल, काकू परदेशात राहून धर्म वळवतायत. ताई, लग्नाचा विधी बदलायचा आणि तो बदल कायद्याकडून मानून घ्यायचा, हे आपल्याच मातीतलं आहे. विधवेच्या पुनर्विवाहासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशर स्मृतीतला ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ हा श्लोक पुढे केला आणि १८५६ चा कायदा झाला. एका शास्त्र्याने पोथी हातात घेऊन कायदा मागितला होता, आणि त्याच्याविरुद्ध सह्या करणारेही शास्त्रीच होते. पुढे आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी आपल्या हक्कांबद्दल बोलते आणि नवऱ्याकडून शपथ घेते. ही लग्नं निधर्मी नव्हती, निर्मिकाला, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याला, साक्षी ठेवून लागत होती. ओतूरला गावच्या जोशीबुवांनी आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली, ते भांडण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. टोरंटोच्या चर्चची गोष्ट वाचताना मला पहिल्यांदा ओतूर आठवलं होतं. मी स्वतः बाई असून मंत्र म्हणते, पन्नास वर्षांपूर्वी तेही कुणाला सहन झालं नसतं.

आता कामाचं बोलते.

ऑन्टॅरिओत तुमच्या मुलाने कुठल्याही नगरपालिकेच्या कचेरीतून लायसन्स काढायचं. ते तीन महिने चालतं, म्हणून जूनच्या लग्नासाठी एप्रिलच्या आधी काढायची घाई नको. दोघांची ओळखपत्रं लागतात. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचे कागद लागतात. फॉर्मवर वर-वधू असं काही नसतं. लग्नाच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात, एक तुमच्याकडचा एक त्यांच्याकडचा असला की छान दिसतं. लग्न लावणारी व्यक्ती सरकारकडे नोंदलेली असली पाहिजे, हे आधी विचारून घ्या. इथे भटजी पुष्कळ आहेत, नोंदणी सगळ्यांची नसते. नोंद नसलेल्याने लावलेलं लग्न मंत्रांनी कितीही सुंदर झालं तरी सरकारदरबारी घोळ होतो.

चर्चची प्रार्थना आणि आपला विधी, दोन्ही करायचे असतील तर करा, पण लायसन्सवर सही एकाच धर्मगुरूची. सकाळी चर्च आणि दुपारी हॉल असं असेल तर बहुधा चर्चच्या मिनिस्टर सही करतात आणि मी फक्त विधी करते. माझी त्याला काही हरकत नसते. युनायटेड चर्चमध्ये प्रत्येक मंडळी आपला निर्णय आपण घेते, तेव्हा त्यांच्या घरच्या चर्चला आधी विचारायला सांगा. भरलेलं लायसन्स आम्हीच सरकारकडे पाठवतो, नंतर काही आठवड्यांनी मुलाने विवाहाचा दाखला मागवायचा. त्या दिवशी हातात मिळतो तो कागद आठवणीपुरता, तो व्हिसासाठी किंवा नाव बदलण्यासाठी चालत नाही.

भारतात हे लग्न कायद्याने मानलं जात नाही. तुम्ही हे जितक्या लवकर स्वीकाराल तितका मुलाचा फायदा. हिंदू विवाह कायद्याचं पाचवं कलम ‘कोणत्याही दोन हिंदूंमध्ये’ अशा शब्दांनी सुरू होतं खरं, पण पुढे वर आणि वधू येतात. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. पण लग्नाच्या खटल्यात, १७ ऑक्टोबर २०२३ ला, पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये आम्ही शब्द घालू शकत नाही, ते संसदेचं काम. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांना निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी असं वाटत होतं, पण ते दोघेच पडले, बाकी तिघांचं मत वेगळं. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. त्या खटल्यात जमियत उलेमा-ए-हिंदसारख्या धार्मिक संघटना विरोध करायला आल्या होत्या. जसे इथे रब्बी आणि युनायटेड चर्च पाठिंब्याला उभे राहिले, तसं कुणी आपल्या मठ-मंदिरांतून उठून कोर्टात गेलं असतं तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी जावं, असं मनापासून वाटतं. शेजारी नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यात एका जोडप्याच्या लग्नाची सरकारी नोंद झाली. त्यांनी काही वर्षं आधी हिंदू पद्धतीने लग्न केलं होतं. एक ट्रान्स स्त्री आणि एक पुरुष, पण कागदावर दोघेही पुरुष. विधी आधी, कायदा नंतर, तिथेही तेच झालं.

म्हणून सांगलीच्या घरात मुलाचा किंवा त्याच्या नवऱ्याचा हिस्सा, बँकेतले पैसे, फ्लॅट असं जे काही असेल त्याचं मृत्युपत्र करून ठेवा. मुलालाही त्याचं वेगळं भारतातलं मृत्युपत्र करायला सांगा, वारस म्हणून नवऱ्याचं नाव आपोआप लागणार नाही. भारतात दोघांनी मिळून बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही, केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये तसा खुलासाही केला आहे. सांगलीत आल्यावर मांडव घालून पूजा, स्वागत, जेवण करायचं असेल तर कायद्याची आडकाठी अजिबात नाही. दाखला मिळणार नाही, एवढंच.

विधीबद्दल तुमच्या मनात येईल ते आधीच सांगते. कन्यादान नसतं. मी ते मुलगा-मुलीच्या लग्नातही आता क्वचितच करते. त्याऐवजी चारही आईवडील दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात आणि वरून पाण्याची धार धरतात. मुंडावळ्या दोघांनाही. अंतरपाट असतो, दोन्हीकडचे मामा मागे उभे राहतात. मित्राला मामा असेल तर त्याला आदल्या दिवशी घरी बोलावून काय करायचं ते दाखवते, ही मंडळी फार मनापासून करतात. मंगळसूत्राच्या जागी कुणी अंगठी घालतं, कुणी रुद्राक्ष, एका जोडप्याने दोघांच्या आज्यांच्या बांगड्या आटवून दोन गोफ केले होते. कानपिळीला दोन्ही बाजूंनी भाऊ तयार असतात, तेव्हा दोघांचेही कान पिळले जातात. वरमाय दोघी. तुम्ही दोघी शेजारी बसाल, मान दोघींचा सारखा. होमासाठी हॉलवाल्यांची परवानगी आधी घ्यावी लागते, ते काम माझ्याकडे द्या.

संकल्पात गोत्र उच्चारावं लागतं. तुमच्या जावयाला गोत्र नसेल याची काळजी करू नका. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र देतात, ही जुनीच रीत आहे. त्याच्या आजोबांचं आणि पणजोबांचं नाव तेवढं विचारून ठेवा, ते मी संकल्पात घेते. गेल्या वर्षी एका आयरिश पणजोबांचं नाव मी पुण्याच्या उच्चारात घेतलं, तर मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या नातीने डोळ्यांना रुमाल लावला.

येताना आंब्याची पानं, विड्याची पानं, नारळ आणू नका. विमानतळावर काढून घेऊ शकतात. इथे भारतीय दुकानात सगळं मिळतं. तुमच्या देवघरातली एक सुपारी आणि कुलदेवतेचा टाक मात्र आणा. देवक तुमच्या हातून बसवायचं आहे.